वचनाला तारीख हवी



निवडणूक आली की नायगावात घरोघरी कागद येऊन पडतात. कुणाचा वचननामा, कुणाचे संकल्पपत्र, कुणाचा जाहीरनामा. मी ते जपून ठेवते. त्यांत आकडे असतात, तारीख सहसा नसते. मुदतच नसलेले वचन मोडले असे म्हणता येत नाही. ते नुसते पुढच्या निवडणुकीत जाते.

आमच्या बीडीडी चाळींचेच पाहा. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या 207 चाळींपैकी 42 नायगावात. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. 22 एप्रिल 2017 रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. 1 ऑगस्ट 2021 रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना वरळीत पुन्हा शुभारंभ झाला. 2022 मध्ये वसाहतींना नेत्यांची नावे देण्याचे जाहीर झाले, तेव्हा राहायला एकही नवे घर तयार नव्हते. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या 14 ऑगस्ट 2025 रोजी, पहिल्या भूमिपूजनानंतर आठ वर्षांनी. तेवढ्या काळात नव्या घराची वाट पाहत चाळीतली कितीतरी म्हातारी माणसे गेली.

पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळणे ही मोठी गोष्ट आहे, हे मी मनापासून मान्य करते. उशिराचा सगळा दोष पक्षांचाही नाही. करार हातात आल्याशिवाय खोली सोडणार नाही, असे म्हणून रहिवासीही अडून बसले होते. पण ते का अडले? नुसत्या शब्दावर घर सोडायची हिंमत उरली नव्हती म्हणून.

मोजता येणारे वचन लोक सोडत नाहीत. 2017 च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू, असे सांगितले होते. 2019 मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे कर बिलात राहिले. मुंबईकरांनी 500 चा आकडा धरून ठेवला, विरोधकांनीही तो विसरू दिला नाही, आणि 2022 मध्ये पूर्ण माफीचा निर्णय झाला. याउलट गिरणी कामगारांच्या घरांचे. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा पालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. लालबाग-परळमध्ये ज्यांचे आयुष्य गेले त्यांना आता बदलापूरच्याही पुढे, वांगणी आणि शेलूला घर दाखवले जाते.

लेखी वचनाचे वजन परदेशात दिसले आहे. आयर्लंडमध्ये 2011 च्या निवडणुकीआधी लेबर पक्षाच्या रुआरी क्विन यांनी विद्यार्थ्यांच्या शुल्कात वाढ करणार नाही, अशा लेखी हमीवर सही केली. शिक्षणमंत्री झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी शुल्क वाढवले. काटकसरीच्या धोरणांवर लोक आधीच चिडलेले होते, त्यात हा सहीचा कागद विद्यार्थ्यांच्या हातात होता. 2016 मध्ये लेबरच्या जागा 37 वरून 7 वर आल्या.

आपल्याकडे असा सहीचा कागद मतदाराच्या हाती येत नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून निवडणूक आयोगाने 2014 मध्ये जाहीरनाम्यांसाठी सूचना केल्या. आश्वासनांसाठी पैसा कुठून आणणार, हे पक्षांनी ढोबळपणे सांगावे, असे त्यांत आहे. न सांगणाऱ्याला शिक्षा मात्र नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेतील महिलांना दरमहा 1500 ऐवजी 2100 रुपये देण्याचे वचन महायुतीने 2024 मध्ये दिले, कोणत्या महिन्यापासून, ते लिहिले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक आश्वासनापुढे तीन गोष्टी छापल्या पाहिजेत: खर्च किती, पैसा कुठून आणि पूर्ण कधी. आणि सत्तेवर आलेल्या पक्षाने दरवर्षी त्याचा हिशेब प्रसिद्ध केला पाहिजे. हे अशक्य नाही. आमच्या चाळीचे गणेशोत्सव मंडळ दरवर्षी अहवालात वर्गणीचा जमाखर्च छापते. एकवीस रुपये देणाऱ्याचेही नाव त्यात असते, आणि हिशेब चुकला तर सभेत कोणीही उभा राहून विचारतो. वर्गणी घेणाऱ्यांना जो नियम आम्ही लावतो, तोच मत मागणाऱ्यांना लावायला हवा.

— बीडीडी चाळीतील एक रहिवासी, नायगाव, मुंबई