गृहीत धरलेली नोंदवही

डिजिटल बाँड, म्हणजे ब्लॉकचेनवर टोकनच्या रूपात रोखे, काढायचे ठरले की कंपनी वकिलाकडे एकच गोष्ट मागते: सगळं कायद्यात बसतं, असं सांगणारं पत्र. आणि वकील ते देतात. रोख्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे अशी पत्रं हातात येतात आणि दरवेळी तळपायाची आग मस्तकात जाते. मध्यंतरी आलेल्या एका पत्रात पानंच्या पानं ब्लॉकचेन किती अभेद्य आहे यावर होती. मागच्या पानावर बारीक टायपात दोन वाक्यं: नोंदवहीतल्या नोंदी अचूक आहेत असं आम्ही गृहीत धरलं आहे, आणि हे मत फक्त कंपनीसाठी आहे, इतर कुणी त्यावर विसंबू नये. ज्या प्रश्नासाठी वकील लावायचा, तोच त्याने गृहीत धरून टाकला! फी मात्र पुरती वसूल केली.

नोंद चुकली, टोकन चोरीला गेलं, तर रोखा कुणाचा आणि भरपाई कोण देणार? डीमॅटपुरतं याचं उत्तर आपल्याकडे 1996 पासून आहे. डिपॉझिटरी कायद्याचं कलम 16 स्पष्ट आहे: डिपॉझिटरीच्या किंवा डीपीच्या, म्हणजे खातं चालवणाऱ्या तिच्या प्रतिनिधीच्या, हलगर्जीपणामुळे खातेदाराचं नुकसान झालं, तर भरपाई डिपॉझिटरीने करायची. डीमॅटमधला बाँड काही कागदावर नसतो, तोही डिजिटलच. मग त्याच्या बाहेर टोकन काढताना या कलमाची जागा कोण घेणार, एवढं लिहायला वकिलाची लेखणी का अडते? कारण उत्तर गैरसोयीचं आहे. जागा कुणीच घेत नाही.

जर्मनीचं उदाहरण डिजिटल बाँडची भलामण करणारी मंडळी उठता-बसता देतात. सीमेन्सने फेब्रुवारी 2023 मध्ये पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर 6 कोटी युरोचा रोखा काढला, हे खरं. पण त्याआधी 2021 मध्ये तिथे कायदा झाला होता. कागदी प्रमाणपत्राची अट त्याने काढली, इलेक्ट्रॉनिक रोख्याला वस्तूचा दर्जा दिला, आणि नोंदवही नीट ठेवली नाही तर ठेवणाऱ्याला नुकसानभरपाईला बांधलं. हा भाग सादरीकरणातून नेमका गळतो.

दुसरी पळवाट ‘प्रायव्हेट प्लेसमेंट’ची. कंपनी कायद्याच्या कलम 42 खाली बड्या संस्था आणि कर्मचारी वगळून वर्षाला 200 जणांपर्यंतच जाता येतं. म्हणून रोखे मोजक्यांना विकायचे आणि पुढे टोकनचे तुकडे करून हजारोंच्या गळ्यात मारायचे. ‘हे खासगी आहे’ हाच बचाव सहाराच्या दोन कंपन्यांनी केला होता, कोट्यवधी लोकांचे पैसे उचलून. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2012 ला तो धुडकावला आणि 15 टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितले. तो निकाल न वाचता कुणी या विषयावर सल्ला देत असेल, तर तो सल्ला नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

सेबीने हे वकिली मत गृहीतकांसकट, मोठ्या अक्षरात, माहितीपत्रकात छापायला लावावं. आणि भरपाई कोण देणार हे ज्याला लिहिता येत नाही, त्या वकिलाने कंपनीला सरळ कळवावं की हे बाँड काढू नका.