मुंबईची लोकल आणि ‘स्पिरिट’ नावाची पळवाट

१/ दरवर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर–ठाणे प्रवासाचे स्मरण होते : साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी. याच दिवसाला लोकलचा जन्मदिन म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा चुकीची आहे, आणि ती चूक निरुपद्रवी नाही. #थ्रेड

२/ १८५३ ची गाडी उपनगरांसाठी नव्हतीच. लक्ष्य होते घाटापलीकडच्या कापसाचे. त्याच वर्षी डलहौसीने लिहिलेल्या टिपणात रेल्वेची प्रयोजने स्पष्ट आहेत : सैन्याची हालचाल आणि इंग्लंडला हवा असलेला कच्चा माल. भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. तूट भरायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून.

३/ उपनगरी प्रवासी नंतर आला. १८६७ मध्ये बी.बी.सी.आय. कंपनीने विरार–बॅकबे गाडी सुरू केली, तीही दिवसाला एक. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर–माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. वस्ती उत्तरेला सरकली, कचेऱ्या आणि गोदी दक्षिणेलाच राहिल्या.

४/ सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे वाहणारी गर्दी ही अशा नगररचनेची निर्मिती आहे. ती मुंबईकराच्या स्वभावातून उपजलेली नाही.

५/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी–कुर्ला विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली. पुढे ९ डब्यांचे १२ झाले, २००९ मध्ये १५ डब्यांची गाडी आली. परंतु डबे वाढवणे हा स्वस्त उपाय. महाग उपाय म्हणजे नवी मार्गिका, आणि ती नेहमीच रांगेत शेवटी उभी राहिली.

६/ पुरावा ठाणे–दिवा. जेमतेम ९ किलोमीटरच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. ती पूर्ण झाली २०२२ मध्ये. १८५० च्या ऑक्टोबरात शीवजवळ पहिली कुदळ पडली आणि अडीच वर्षांच्या आत ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर तयार झाले.

७/ यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : तेव्हा रुळांलगत दाट वस्ती नव्हती, शेजारून क्षणाक्षणाला गाड्या धावत नव्हत्या. मान्य. पण मग पुनर्वसनाचा पैसा आणि निर्णय वेळेत का आले नाहीत, हा प्रश्न उरतोच. १८५० मध्ये घाई भांडवलाला होती. आजची घाई केवळ प्रवाशाची आहे.

८/ एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे. रेल्वेच्या परिभाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. ज्या अवस्थेला तांत्रिक संज्ञा मिळते, ती अपवाद उरत नाही. ती गृहीत धरली जाते.

९/ ९ जून २०२५ : मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधून प्रवासी पडले, चौघे त्याच दिवशी गेले. चर्चा मात्र रंगली दारात लटकण्याच्या सवयीची आणि पाठीवरच्या बॅगांची. दुसऱ्या दिवशी तीच गाडी तशीच भरून गेली, आणि त्याला ‘स्पिरिट’ म्हटले गेले.

१०/ ज्याला घरी बसणे परवडत नाही, त्याच्या नाइलाजाला धैर्य म्हणणे हा गौरव नव्हे. तो जबाबदारी झटकण्याचा सभ्य प्रकार आहे. १६ एप्रिलचे हार-तुरे जरूर असावेत. त्यांच्यासोबत मंजूर झालेल्या प्रत्येक मार्गिकेचे वर्ष आणि ती पूर्ण झाल्याचे वर्ष प्रत्येक स्थानकावर लावले जावे.