लिंक नाही, उद्या या!

मंडळी, मागच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी एका बँकेत गेलो होतो. नाव घेत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही बँकेची असू शकते. दारावर कागद चिकटवलेला, 'लिंक फेल आहे'. श्रावणबाळचे पैसे काढायला आलेल्या एक मावशी पायरीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, "लेकरा, लिंक कवा येनार? माझी दुपारची यष्टी हाय."

आत मॅनेजर साहेबांना विचारलं, बॅकअप लाइन नाही का? म्हणाले, आहे ना, पण तीपण गेली. दोन कंपन्यांच्या दोन फायबर घेतलेल्या, दोन्हीचं बिल वेळेवर भरलेलं. टाकल्या मात्र एकाच चरातून! जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही खलास.

हा विषय आपल्या शहराचा आहे. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आलं. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शाखांचा कारभार आता इथून. जलवाहिनीसाठी पैठण रोडची खोदाई आपण बघितलीच आहे. खोदाई गावोगावी चालूच राहणार.

माझं म्हणणं सरळ आहे. एक लाइन जमिनीतून असेल तर दुसरी हवेतून घ्या. पैसे भरण्या-काढण्याच्या नोंदीला डेटा किरकोळ लागतो, 4जी सिमवर आरामात भागतं. राऊटर दोन सिमचा घ्या, सिम वेगवेगळ्या कंपन्यांची. आणि गावातला टॉवरही त्याच चरातल्या फायबरवर चालत नाही ना, हे आधी विचारा (हे कुणी विचारतच नाही). रेंजच नसेल तिथे व्हीसॅटची छत्री. उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, त्यामुळे उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागतो. लागू द्या, दिवस तर जात नाही.

खरी फसगत हिरव्या दिव्याची. वायर दहा किलोमीटरवर तुटलेली असते, पण शाखेतल्या डब्यापर्यंत सगळं ठीक, म्हणून साधा राऊटर समजतो लाइन चालू आहे. तो सिमकडे वळतच नाही. त्यामुळे मुख्यालयाच्या मशीनला दर काही सेकंदांनी "आहेस का?" विचारणारा आणि उत्तर नाही आलं की स्वतःहून वळणारा राऊटर पाहिजे. खोक्यावरच्या स्पीडलाही भुलू नका. बँकेचा डेटा कुलूपबंद करून पाठवावा लागतो, त्यात छोट्या राऊटरचा दम निघतो. व्हीपीएन चालू असताना किती स्पीड मिळतो, ते निविदेत लिहून घ्या. आणि शाखेचा राऊटर यूपीएसवर नसेल तर लाइट गेली की हे सगळं मुसळ केरात.

पण आपल्याकडे निविदा निघते ती सगळ्यात स्वस्त कोण देतो याची. बसवल्यानंतर महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक समोर असताना, मुख्य वायर उपसून बघितली पाहिजे. कोण बघतं?

निघताना त्याच शाखेत कपाटावर धूळ खात पडलेला एक सिमवाला राऊटर दिसला. "साहेब, हा?"

"त्याचं रिचार्ज वरून व्हायचंय. मार्चपासून."

तुमच्या शाखेत लिंक गेली की किती वेळ बसवून ठेवतात? गावाच्या नावासह खाली लिहा. यादी करून मी स्वतः मुख्यालयांत नेऊन देतो.