जुगाराचा नवा पाहुणा

सणसर हे तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, उसाची राने आणि शेजारी भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. अशा गावांत पैसे लावून पत्ते कुटणारास वडीलधारे चारचौघांत हटकीत. शिवाय फौजदाराचे भय असे. ही आमची जुनी वेस.

ही वेस ओलांडून एक नवा पाहुणा आला. त्यास पार नको, अड्डा नको; मोबाइलमधून तो थेट माजघरात शिरतो. कोणी हटकले तर म्हणतो, "मी जुगार नव्हे, मी कौशल्य!" आधारही दाखवितो. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळास लागू नाही, आणि रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असे सुप्रीम कोर्टाने १९६८ साली म्हटले आहे. परंतु त्याच निकालात हेही आहे की, जागेचा मालक खेळावर नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे अर्धे पान पाहुणा झाकून ठेवतो. डावातून आपला वाटा काढून घेणारी कंपनी ही मालक नव्हे, तर कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडला. पैशांचा ऑनलाइन खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणारास शिक्षा नाही. हे आम्हांस योग्य वाटते. फसणाऱ्यास नव्हे, फसविणाऱ्यास धरावे. कंपन्यांनी लागलीच या कायद्यास कोर्टात आव्हान दिले. वकिलांची फौज त्यांच्याकडे आहे. हरलेल्या कुणब्याचा वकील कोण?

१८७५ साली याच मुलखात, सुप्याच्या बाजारी, शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. कागदावरचा अंगठा गळफास होतो, हे त्यांना कळले होते. आज तोच अंगठा काचेवर उमटतो. हा रोखा जाळता येत नाही. अंगठाच आवरावा लागतो.

म्हणून बंधूंनो, भगिनींनो, केवळ सरकारवर विसंबू नका. उसाचे बिल जमा झाले की घरधनिणीस पुढे बसवून हिशेब करा. सुतार-लोहारांनीही मजुरीचा पैसा असाच घरात सांगावा. पोरगा हरला असेल तर त्यास झोडपू नका, बोलते करा. लपविलेली हार भरून काढण्यासाठीच तो दुसरे कर्ज काढतो. घामाचा पैसा डावावर लावण्यासाठी नाही, एवढे प्रत्येक घराने ठरविले, तर पाहुणा दारातूनच परतेल.