बशीला लेबल नसतं!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुंथलगिरीच्या खव्याला लेबल नसलं तरी अडत नाही. गिऱ्हाईक चिमूटभर खवा बोटांत चोळतं, तूप सुटलं की पैसे मोजतं. पिझ्झ्याच्या त्या लांबलचक तारा चोळून काय कळणार, कपाळ? कायदा म्हणतो, दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलं तर त्याला चीज म्हणू नये, 'अ‍ॅनालॉग' म्हणावं. छान! पण ते छापलेलं असतं खोक्यावर, अन् खोकं राहतं भटारखान्यात. आपल्यापुढे येते बशी.

२०२३ साली अन्न व औषध प्रशासनानं नगरजवळच्या केडगावात मॅकडोनाल्ड्सला याच मुद्द्यावर धरलं. 'आमचं चीज अस्सलच,' असं कंपनी सांगत राहिली; पण काही पदार्थांच्या नावांतून 'चीज' गळालं. बारसं नवं, बाळ तेच!

तेल खायला आमची ना नाही. भजी काय दुधात तळतात? पण तेलाला दुधाचा भाव का द्यावा? खोक्यावरचा शब्द भावफलकावर येऊ द्या, पदार्थाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत. तेल तेल म्हणून विकावं लागलं, की हॉटेलवाल्यांना खरं चीज आपोआप परवडू लागेल!