मेसचा मेनू लॅमिनेट का करता?

आमच्या मेसच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या बरोबर वर, आठवड्याचा मेनू लावलाय. सोमवार फ्लॉवर-बटाटा, मंगळवार मटकी, बुधवार कोबी, गुरुवार बटाट्याचा रस्सा, शुक्रवार मटार उसळ, शनिवार परत बटाटा. मी फर्स्ट इयरला आले तेव्हाही हाच होता, आता थर्ड इयरलाही हाच आहे. ऊन, पाऊस, थंडी, कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही. होणार कसा? लॅमिनेट केलाय ना तो!

गेल्या जुलैमधल्या एका शुक्रवारी उसळ आली. आम्ही मैत्रिणींनी वाटीत चमचा फिरवून मटार मोजले. नऊ. बाकी सगळा बटाटा आणि पाणी. काकांच्या नावाने भरपूर बोटं मोडून झाली. दुसऱ्या दिवशी कशासाठी तरी मंडईत गेले, तर मटार किलोला दीडशेच्या वर. शेजारीच दोडके, दुधी, पडवळ, काकड्यांचे ढीग लागलेले आणि तिथला भाव ऐकून कुणी घासाघीसही करत नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काका कंजूस नव्हते. आमचा मेनूच चुकीच्या महिन्यात मटार मागत होता.

‘सीझनचं खा’ असं कुणी म्हणालं की आपल्याला एकतर आजी आठवते, नाहीतर रीलमधली ती चकचकीत स्वयंपाकघरातली डाएटिशियन. दोघींचंही आपण ऐकत नाही, तो भाग वेगळा. पण माझा मुद्दा संस्कृतीचा नाही आणि ‘क्लीन ईटिंग’चाही नाही. तो सरळ पैशांचा आणि पोटाचा आहे. वीस तारखेनंतर पाकीट चाचपणाऱ्या आपल्यासारख्यांना बाजारात मिळणारी सगळ्यात मोठी सूट म्हणजे सीझन. कूपन नको, मेंबरशिप नको. आणि नेमकी हीच सूट आपण वापरत नाही.

गणित अवघड नाही. ज्या हवेत पीक आपसूक चांगलं येतं, त्या हवेत ते सगळ्यांच्याच शेतात येतं. आवक वाढते, भाव उतरतो. हंगामाबाहेर तीच भाजी हवी असेल तर ती लांबून आणावी लागते, थंड ठेवावी लागते, कीड-रोगाशी जास्त झगडून पिकवावी लागते. तो सगळा खर्च आपल्या ताटात येतो. पैसे तेवढेच असले की भाजी कमी होते आणि रस्सा वाढतो. जुलै 2023 आठवतोय? टोमॅटो कित्येक शहरांत दीडशे रुपयांच्या पुढे गेला होता. तरी टोमॅटोची ग्रेव्ही हवीच, म्हणून आपण हॉटेलवाल्यांशी भांडत होतो. चिंच, आमसूल, कैरीचं लोणचं असल्या आंबट गोष्टी घरात असताना.

दुसरा मुद्दा ताजेपणाचा. भाजी तोडली की तिच्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं, पालेभाज्यांत तर भराभर. कोवळा मटार किंवा मक्याचं कणीस तोडल्यावर ठेवून दिलं की त्यातल्या साखरेचा हळूहळू स्टार्च होतो. म्हणून जानेवारीतला मटार नुसता सोलून खाल्ला तरी गोड लागतो आणि लांबून आलेला पिठूळ. सीझनमधली भाजी जवळून येते आणि पटकन खपते, म्हणजे ताटात ताजी पडते. फळांचंही तेच. सर्दी झाली की आपण किवी ऑनलाइन मागवतो, दहा मिनिटांत दारात. पण हिवाळ्यात कॉलेजच्या गेटबाहेर तिखट-मीठ लावून जो पेरू मिळतो ना, त्यात किवीपेक्षा बरंच जास्त क जीवनसत्त्व असतं. फक्त पेरूचं पॅकिंग तेवढं भारी नसतं.

तिसरा मुद्दा चवीचा. भोगीच्या भाजीचं बघा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हरभरा, पावटा, मटार, गाजर, वांगं, बोरं असं त्या आठवड्यात शेतात जे काही तयार असेल ते सगळं एका पातेल्यात, वरून तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही भाजी मे महिन्यात करून बघा, तीच चव येणार नाही. पावसाळ्यात कल्याण, ठाणे, दादर स्टेशनबाहेर पालघर-कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. पुढच्या वेळी लोकल पकडायच्या आधी एक मिनिट थांबा. कशी करायची हे त्यांनाच विचारा, कारण शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो. त्यात काकडं का घालायची, हे त्या कुठल्याही रेसिपी व्हिडिओपेक्षा चांगलं सांगतात.

आता दुसरी बाजू. हंगामाबाहेरचं सगळं विषारी, असं मी अजिबात म्हणत नाही. फ्रोझन मटार तोडल्या तोडल्या गोठवलेला असतो, त्यामुळे त्यातलं पोषण बऱ्यापैकी टिकतं. वर्षभर मिळणारा बटाटा शीतगृहातून येतो, उन्हाळी कांदा चाळीत साठवलेला असतो, आणि ते नसते तर आपली उपासमारच झाली असती. साठवणं आपल्याला नवीन नाही. लोणचं, सांडगे, आमसुलं, फणसपोळी हे सगळं सीझन बरणीत भरून ठेवणंच आहे. वाद साठवणुकीशी नाही. वाद आहे तो बारा महिने तीच सहा नावं फिरवण्याशी. आणि घाईशीही. फेब्रुवारीत आंबा दिसला की आपण स्टोरी टाकायला धावतो. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी दर उन्हाळ्यात धाडी पडल्याच्या बातम्या येतात. ही घाई कुणासाठी चाललेली असते? सगळ्यात आधी खायचंय म्हणणाऱ्या आपल्यासाठीच.

हे सगळं भाषण मी काकांना दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळा, मला काय हौस आहे का महाग भाजी आणायची? पण दोडका केला की अर्धं पातेलं परत येतं. पडवळ म्हटलं की पोरं बाहेर वडापाव खायला जातात. बटाटा कुणी टाकत नाही. आणि मेथी केली तर ती निवडायला माणूस कोण देणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वडापाव खायला जाणाऱ्यांत मीही होते. तो मेनू काकांनी छापला असेल, पण त्याला लॅमिनेशन आपण केलंय. ताटात परत टाकलेल्या प्रत्येक दोडक्याने.

म्हणून आम्ही एक तडजोड केली. पूर्ण मेनू बदलायचा नाही. फक्त शुक्रवारच्या रकान्यावर कागद चिकटवला: ‘बाजारात असेल ती.’ त्या दिवशी जी भाजी स्वस्त आणि भरपूर, ती काका आणणार. पालेभाजी असेल तर आदल्या रात्री आमच्यातले पाच-सहा जण निवडायला बसणार. बदल्यात आम्ही तिला निदान एकदा खाऊन बघणार. पडवळाचा पहिला शुक्रवार साफ फसला, खोटं कशाला बोलू? पण डाळ घालून केलं तेव्हा पातेलं रिकामं झालं. नोव्हेंबरात मेथी आली. जानेवारीत भोगीची भाजी झाली, आणि त्याच महिन्यात मटार उसळही. ती मात्र मोजावी लागली नाही.

तुमच्या मेसमध्ये हे जमेल की नाही, मला माहीत नाही. कुठे कंत्राट असेल, कुठे काका ऐकणारे नसतील. पण विचारायला पैसे पडत नाहीत. या आठवड्यात एकदा मंडईत चक्कर मारा, ज्या भाजीचा ढीग सगळ्यात मोठा असेल तिचं नाव लिहून घ्या आणि मेस कमिटीच्या बैठकीत तेवढंच मांडा. फक्त एक दिवस मागा. आणि ती भाजी ताटात आली की वडापावच्या गाडीकडे पळू नका.

आमचा बाकीचा मेनू अजून लॅमिनेटच आहे. पुढच्या सेमिस्टरला बुधवारच्या कोबीवर आमचा डोळा आहे.