कार्ड मिळाले, पण घरची शुश्रूषा कोणी करायची?

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, मग उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत, असा निर्णय केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. निर्णय चांगलाच आहे. आजोबांचा खुबा मोडला की ज्या घरात दागिने गहाण पडतात, त्या घराला त्याचे मोल कळते. मात्र घरात आजी-आजोबा दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते, हे ध्यानात ठेवावे.

पण म्हातारपणाचे दुखणे रुग्णालयात किती दिवस राहते? शस्त्रक्रिया झाली की माणूस थोड्याच दिवसांत घरी येतो. पुढची औषधे योजनेतून जास्तीत जास्त १५ दिवस. कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ न देणे, धरून चालवणे हे महिनोन्महिने चालते. ते सारे घरावर, खरे सांगायचे तर सुनेवर पडते. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्याही या कार्डावर नाहीत. गोळ्या चुकल्या, पक्षाघात झाला, की मग मात्र कार्ड चालते!

जपानने २००० सालापासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी वेगळा विमाच सुरू केला; चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. तेवढे आपल्याला आज झेपणार नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे आठवड्यातून एकदा परिचारिका यावी, एवढे तरी योजनेत बसवायला काय हरकत आहे? तोवर आधारकार्ड नेऊन आपले कार्ड काढून ठेवा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मागून घ्या.